दुकानाची पाटी आणि छायाचित्राची संहिता

परक्या शहराचे छायाचित्र घेणारा प्रवासी त्या शहराला केवळ पाहतो, की ते वाचतोही? जॉन थॉमसन (१८३७–१९२१) या स्कॉटिश छायाचित्रकाराच्या संदर्भात हा प्रश्न आलंकारिक राहत नाही. १८६८ ते १८७२ या काळात हाँगकाँगमध्ये मुक्काम ठेवून त्याने चीनमध्ये विस्तृत छायाचित्रण केले. ‘इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल’ या चार खंडांच्या ग्रंथात (१८७३–७४) त्याची दोनशे छायाचित्रे आहेत. कँटनमधील (आजचे ग्वांगझो) ‘फिजिक स्ट्रीट’ या अरुंद बाजारगल्लीचे छायाचित्र त्यांपैकीच एक. गल्लीत दुतर्फा दुकानांच्या लांबलचक उभ्या पाट्या आहेत.

ओल्या कलोडिअन प्रक्रियेत लेप दिलेली काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावी लागे आणि उद्भासनाला काही सेकंद जात. त्यामुळे चालता माणूस पुसट होई. पाटीवरील अक्षर मात्र स्थिर राही. रस्त्याचे जीवन टिपू पाहणारा कॅमेरा असा प्रथम रस्त्यावरचे लेखनच टिपतो. थॉमसनने सोबतच्या मजकुरात काही पाट्यांचे अर्थ इंग्रजीत दिले. दुकान बोलते झाले. दुकानदार मात्र अबोलच राहिला. या ग्रंथातील सामान्य माणूस बहुधा निनावी आहे. तो व्यक्ती म्हणून नव्हे, तर नमुना म्हणून येतो.

लंडनला परतल्यावर थॉमसनने समाजवादी पत्रकार अ‍ॅडॉल्फ स्मिथ याच्यासह ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ (१८७७–७८) सिद्ध केले. त्यातील ‘द क्रॉलर्स’ या चित्रात दुसरीचे मूल सांभाळत बसलेली एक वृद्धा दिसते. ती एका शिंप्याची विधवा असल्याचे मजकूर सांगतो. येथे दारिद्र्याला पूर्वेतिहास लाभतो.

हा भेद कॅमेऱ्याचा नव्हे, चित्राशेजारच्या भाषेचा आहे. लंडनमध्ये निवेदक आणि चित्रविषय यांची भाषा एक होती. कँटनमध्ये ती नव्हती. म्हणून वासाहतिक दृष्टीचा शोध केवळ चौकटीत घेणे अपुरे ठरते. तो चित्र आणि मजकूर यांच्या सांध्यात घ्यावा लागतो.

तथापि येथेच थॉमसनचे स्वामित्वही संपते. पाट्यांवरील अक्षरे त्याच्या भाषांतरात विरून गेली नाहीत. चिनी जाणणारा वाचक आजही त्याच्या मध्यस्थीवाचून ती वाचू शकतो. छायाचित्रकाराने दिलेला अर्थ मजकुरात राहतो. दुकानदाराने लिहवून घेतलेला मजकूर मात्र चित्रातच असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने वाचनाचा प्रारंभ त्या पाटीपासून करावा.