संघमित्रेने नेलेले रोप

अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाइतका दीर्घ व सलग लेखी इतिहास माणसाने लावलेल्या वृक्षांपैकी क्वचितच एखाद्याला लाभला असेल. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात थेरी संघमित्रेने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची शाखा सिंहलद्वीपात नेली आणि राजा देवानंपिय तिस्स याने ती महामेघवनात लावली. बुद्धगयेच्या वृक्षावर पुढे अनेक आघात झाले. तेथील जीर्ण वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला. आजचा वृक्ष त्यानंतर लावलेला आहे. परदेशी नेलेली शाखा मात्र बावीस शतके जगली. ती कशामुळे जगली?

पाचव्या शतकातील 'महावंस' या पालि ग्रंथात उत्तरादाखल चमत्कार आहेत. शाखा आपोआप विलग होते, वृक्ष आकाशात जातो, पृथ्वी कंप पावते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी बुद्धिनिष्ठ कसोटी दिली, ती येथे लावली तर चमत्कारांच्या आड दडलेले मानवी परिश्रम दिसू लागतात.

शाखा सुवासिक चिखलाने भरलेल्या सुवर्णपात्रात ठेवली होती आणि मुळे फुटल्यावरच ती हलविली गेली. ताम्रलिप्तीहून जंबुकोलपर्यंतचा समुद्रप्रवास मार्गशीर्षात झाला. अनुराधपूर हा कोरडा प्रदेश आहे. तेथील बराचसा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडतो. आपल्याकडे कोरडा असणारा मार्गशीर्ष तेथे ऐन पावसाचा असतो. लावल्यानंतर सात दिवस वृक्ष थंड धुक्यात अदृश्य राहिला, असे ग्रंथ सांगतो. नव्या रोपाला उन्हाची झळ लागू न देण्याच्या काळजीची ही काव्यमय स्मृती असू शकेल. पुढच्या प्रदीर्घ उन्हाळ्यासाठी अभयवापी व तिस्सवापी हे तलाव नगराजवळच होते.

रोपाबरोबर अशोकाने माणसेही पाठविली. त्यांत राजकुळांतील व अमात्यकुळांतील लोक होते, तसेच गुराखी, विणकर व कुंभारही होते. सोन्याचे आठ व चांदीचे आठ घट देण्यात आले. वृक्षाची निगा कोणा एका पुरोहितवर्गाच्या हाती न देता श्रमिकांनाही तिच्यात वाटा दिला गेला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. फळांपासून झालेली पहिली आठ रोपे जंबुकोल, थूपाराम, चेतियपर्वत इत्यादी ठिकाणी लावण्यात आली. त्यानंतर आणखी बत्तीस. एक वृक्ष गेला तरी वंश राहावा, अशी ही योजना होती. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने कललेल्या वृक्षाला राजाने टेकू दिल्याची नोंद केली आहे.

परंतु संघमित्रा केवळ वृक्ष घेऊन गेली नव्हती. राणी अनुला व तिच्या सहचारिणींना प्रव्रज्या देण्यासाठी तिला बोलाविण्यात आले होते. तिने तेथे भिक्षुणीसंघ रोवला. अकराव्या शतकात चोलांच्या स्वाऱ्यांनंतर संघ क्षीण झाला, तेव्हा राजा विजयबाहूने ब्रह्मदेशातून भिक्षू आणवून भिक्षूंची उपसंपदा पुन्हा सुरू केली. भिक्षुणींसाठी तसा प्रयत्न झाला नाही आणि त्यांची परंपरा खंडित झाली. सारनाथ येथे १९९६ साली व बुद्धगया येथे १९९८ साली सिंहली स्त्रियांना उपसंपदा मिळाली, तेव्हा कोठे ती पुन्हा उभी राहू लागली. संघमित्रेचा वृक्ष जपला गेला. तिचा संघ मात्र सुमारे नऊ शतके उपेक्षित राहिला.

अनुराधपूरच्या वृक्षाचा वंश पुढे भारतात परत आला. १९३१ साली अनागारिक धर्मपालांनी तो सारनाथला आणला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणला. त्याच भूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी धम्माचे रोपण केले. वृक्षाला वंदन करणे सोपे आहे. ज्या नित्य व्यवस्थेने तो जगला, ती व्यवस्था धम्मासाठी, आणि विशेषतः धम्मातील स्त्रियांच्या स्थानासाठी, उभी करणे हेच आपले खरे उत्तरदायित्व होय.