हरिपूरचीं हळदीचीं पेवें

एखाद्या गोष्टीचा एकाएकीं सुकाळ झाला म्हणजे तिचें 'पेव फुटलें' असें आपण म्हणतों. मोल्सवर्थच्या कोशांत हा शब्द नोंदलेला आहे. परंतु तो उच्चारणारांपैकीं प्रत्यक्ष पेव पाहिलेले आज थोडेच. ज्या गांवीं हा केवळ वाक्प्रचार नसून नित्याचा व्यवहार होता, तें गांव हरिपूर. कृष्णा-वारणांच्या संगमीं, सांगलीस लागून वसलेलें हें स्थान संगमेश्वराच्या देवालयामुळें व नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांची जन्मभूमि म्हणून प्रसिद्ध आहे. सांगलीच्या पेठेचें भांडवल त्याच्या भूमींत पुरलेलें असे, ह्या गोष्टीस मात्र यथोचित मान मिळालेला नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून विभक्त झाले व सांगली राजधानी बनली. पुढें साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके व विलीन संस्थानें मिळून इ. स. १९४९ त 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० त त्यास 'सांगली' हें नांव मिळालें. सीमा बदलल्या, तरी कृष्णाखोऱ्यांतील हळदीची वाट सांगलीकडेच राहिली.

शिजवून, वाळवून तयार केलेली हळद उघड्यावर ठेवल्यास पावसाळी हवेंतील ओल शोषून घेते. मग तीस बुरशी व कीड लागते, आणि प्रकाशानें तिचा रंग विटतो. ह्या तिन्ही आपत्तींवर पेव हा एकच उपाय होता. तोंड माणूस उतरण्यापुरतें, पोट मात्र प्रशस्त, खोली सुमारें पंधरा-वीस फूट, असा हा खड्डा. तळाशीं व कडांस पाचट किंवा वाळकें गवत लावून आंत हळद भरीत व तोंड मातीनें बंद करीत. तेथील माती चिकण व घट्ट असल्यामुळें नदी जवळ असूनहि ओल आंत झिरपत नसे. कोंडलेल्या हवेंतील प्राणवायु हळूहळू सरे, कर्बवायु वाढे व कीड जगेनाशी होई. अशा रीतीनें हळद वर्षानुवर्षें टिके.

पदार्थाच्या स्वभावानुसार त्याचें स्थान ठरवावें, हा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिल्यानें कोष्ठागाराच्या प्रकरणांत धान्यास उंच जागा, तेलातुपास मातीचीं वा लांकडी पात्रें व मिठास उघडी जमीन सांगितली आहे. भूमिगत सांठ्याचें वर्णन इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत व्हॅरो ह्या रोमन ग्रंथकारानें केलें आहे. वारा न लागल्यास धान्यास कीड होत नाहीं, हें तो सांगतो. आणि नुकत्याच उघडलेल्या खड्ड्यांत उतरूं नये, कारण कित्येक गुदमरून मेले आहेत, असा इशाराहि देतो. हरिपूरचे लोकहि पेव उघडून कांहीं काळ तसेंच ठेवीत व आंत दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. रोम व हरिपूर यांचा परस्परसंबंध येथें कल्पिण्याचें कारण नाहीं. सारख्या अडचणींतून सारखें शहाणपण निपजतें, एवढेंच यावरून सिद्ध होतें.

इ. स. २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानि झाली; २०१९ त पूर पुन्हां आला. पुरानें पेवें बुडविलीं हें खरें. तथापि सर्व दोष कृष्णामाईच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पूर ओसरल्यावर पेव पुन्हां खणतां येतें. परंतु गोदामें व शीतगृहें हाताशीं आल्यावर खणण्याची गरजच उरली नाहीं. व्यापाऱ्यानें सोय पाहिली, यांत त्याचा अपराध नाहीं. मात्र माती ओळखणारे, पेव भरणारे व दिव्याच्या ज्योतीवरून हवा पारखणारे हात ह्या सोयीबरोबर निरुपयोगी ठरले.

इ. स. २०१८ त सांगलीच्या हळदीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिचें नांव सुरक्षित झालें. जिच्या उदरांत ती हळद राखली गेली, त्या भूमीची विद्या मात्र तशी सुरक्षित झाली नाहीं. किल्ल्यांचे तट मोजणाऱ्या संशोधकांनीं एखाद्या पेवाचेंहि माप घ्यावें, जुन्या अडत्यांच्या वह्या पाहाव्या, व ज्यांनीं पेव भरलें त्या वृद्धांच्या तोंडची हकीकत लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. कागद शंभर वर्षांनींहि सांपडूं शकतो. माणसाची आठवण त्याच्याबरोबरच जाते.