'तृतीय रत्न': प्रचार की लोकशिक्षण?

आपल्याला पटते ते लोकशिक्षण आणि प्रतिपक्ष करतो तो प्रचार, अशी सोयीची वाटणी आपण नेहमीच करत असतो. ही वाटणी किती तकलादू आहे, हे जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकावरून ध्यानात येते.

एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि त्या दांपत्याला लुबाडतो. पुढे एक पाद्री त्यांना भेटतो आणि वादविवाद होतो. विदूषक मधूनमधून मर्मावर बोट ठेवत राहतो. हा उघड प्रचार आहे, हे आम्ही नाकारत नाही. जोशाला येथे सहानुभूती नाही, आणि पाद्र्याच्या युक्तिवादावर मिशनऱ्यांच्या तत्कालीन प्रचाराची छाप आहे.

हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेले आणि नाकारले गेले. 'गुलामगिरी'त (१८७३) जोतीरावांनी त्याचा दोष कमिटीतील ब्राह्मण सभासदांना दिला. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचाच काही भाग इंग्रजी अमलात ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवलेला होता. म्हणजे लोकशिक्षण कशाला म्हणावे हे ठरवणारी जागाही तटस्थ नव्हती.

मग भेद करायचा तो कशावरून? आमच्या मते, नाटकाच्या शेवटावरून. ते कुणबी दांपत्य फुले पतिपत्नींनी काढलेल्या रात्रशाळेत जायचे ठरवते. जोशाच्या जागी नवा गुरू मिळाला की काम संपले, असे लेखकाने मानलेले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान सुचवले. हिशेब येणाऱ्या कुणब्याला सावकाराचे खत तपासता येते.

त्याला आणखीही काही करता येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनावर जहाल टीका केली. जोतीरावांच्या शाळेत अक्षरे गिरवलेला माणूस ती टीकाही वाचू शकत होता, आणि हवे तर तिच्या बाजूने कौलही देऊ शकत होता. निव्वळ प्रचारक ही जोखीम पत्करत नाही.

म्हणून एखादे पाठ्यपुस्तक वा भाषण कोणत्या पक्षाचे आहे, एवढ्याने आमचे समाधान होत नाही. ते शिकून उठलेल्याला खुद्द शिकवणाऱ्याचीच उलटतपासणी घेता येईल काय, हेही पाहिले पाहिजे. आणि आपल्या आवडत्या पुस्तकांच्या बाबतीत तर आधी पाहिले पाहिजे.