तगरचं कापड आणि इटलीची वाइन

धाराशिव जिल्हा म्हटला की तुळजापूरची भवानी आठवते, नळदुर्गचा किल्ला आठवतो, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकरही आठवतात. वाइन काही कुणाला आठवत नाही. पण या जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आणि परदेशी वाइनचा उल्लेख एकाच जुन्या पुस्तकात, अगदी जवळजवळ आलेले आहेत. ते गाव म्हणजे तेर. तेरणा नदीकाठचं, गोरोबाकाकांचं तेर. आज मला बोलायचं आहे ते या दोन नावांविषयी, आणि त्यातलं एक टिकलं कसं, दुसरं पुसलं कसं, याविषयी.

पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं ते लिहिलं. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तांबड्या समुद्रातून भारताच्या किनाऱ्यापर्यंत कुठलं बंदर लागतं, तिथं काय विकलं जातं आणि काय विकत मिळतं, याची ही व्यवहारी टिपणवही. भडोचला हा लेखक 'बरिगाझा' म्हणतो. तिथं खपणाऱ्या मालाची यादी देताना तो वाइनचा उल्लेख करतो: सर्वांत जास्त मागणी इटलीच्या वाइनला, शिवाय लाओडिसियाची आणि अरबस्तानची. पुढे राजासाठी आणायच्या वस्तू सांगतो. त्यात चांदीची भांडी, तलम वस्त्रं, सुगंधी द्रव्यं आणि उंची वाइन आहे.

लगेच पुढे तो देशावर येतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं नगर. पैठणहून अकीक येतो. तगरहून जाडंभरडं सुती कापड पुष्कळ येतं, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं येतात, आणि 'मोलोखिना' नावाचं एक कापड येतं. हा सगळा माल बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला पोचतो.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हटलं, कुणी देवगिरी. शिलाहार राजे तर स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे नगराचं वैभव ओसरल्यावरही त्याच्या नावाचा मान शिल्लक होता. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असं साधार मांडलं. पुढे उत्खननांनी त्याला दुजोरा दिला. रोमन नाण्यांच्या नकलेवर घडवलेली मातीची पदकं इथं सापडली. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात निघाली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडलं गेलं. तेव्हा ही देवघेव त्याआधीची, हे उघड आहे.

आता ती इटलीची वाइन कशी होती? 'पेरिप्लस' प्रकार सांगत नाही. पण त्याच काळातला रोमन लेखक प्लिनी तपशील देतो. तोही व्हेसुव्हिअसच्या त्याच उद्रेकात मरण पावला. त्या काळी सर्वांत नावाजलेली वाइन फालेर्नुम भागातली. माथ्यावरची वेगळी, पायथ्याची वेगळी, आणि मधल्या उतारावरची, फाउस्तुस नावाच्या मालकाच्या मळ्यातली, आणखी वेगळी. तिचे प्रकार तीन: गोड, हलकी आणि 'ड्राय'. ड्राय म्हणजे द्राक्षातली साखर आंबताना जवळजवळ सगळी संपलेली, जिभेवर गोडवा न ठेवणारी. एकाच डोंगराच्या एका पट्ट्याला स्वतंत्र नाव होतं, आणि त्या नावावर किंमत ठरत होती.

आपल्याकडेही ही जाण होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटलं आहे आणि त्याचे प्रकार 'कापिशायन' आणि 'हारहूरक' असे, ते ज्या प्रदेशातून येतं त्यावरून सांगितले आहेत. यातलं कापिशायन म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या कपिशा प्रदेशातलं.

ही वाइन तेरपर्यंत आली का? भडोचला कापड उतरवून गाड्या रिकाम्या परतत नसणार, असा तर्क करता येतो. पण तर्काला पुरावा हवा. वाइन यायची दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांतून. त्यांना अँफोरा म्हणतात. अशा एका रांजणात साधारण २६ लिटर मावे. नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये डॉ. हसमुख सांकलियांनी केलेल्या उत्खननात या रांजणांची खापरं मिळाली. म्हणजे समुद्रापासून इतक्या आत, गोदावरीच्या खोऱ्यात, भूमध्य समुद्राकाठचा माल येत होता.

इथं मला गोरोबाकाकांची थापटणी आठवते. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणी मारून कोणतं मडकं भाजलंय आणि कोणतं कच्चं, हे त्यांनी सांगितल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नामदेवांचं मडकं तेव्हा कच्चं ठरलं होतं. पुराणवस्तूंच्या अभ्यासातही अशी थापटणी लागते. भारतात ठिकठिकाणी 'रोमन' म्हणून नोंदलेली खापरं रोबर्टा टोंबर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीचशी रोमन नव्हतीच. ती इराक-इराणकडच्या बिनकानाच्या रांजणांची होती. आतून डांबर लावलेल्या या रांजणांतले पुष्कळसे नंतरच्या शतकांतले आहेत. म्हणून रोमचा संबंध खोटा ठरत नाही, पण रोमच्या जोडीला इराणच्या आखातातलाही व्यापार होता, हे मान्य करावं लागतं. खापराचा प्रत्येक तुकडा इटलीचा असावा, ही हौस आपण सोडायला हवी.

आता जरा फ्रान्सकडे वळू. ज्या शतकात तगरच्या गाड्या भडोचला जात होत्या, त्याच शतकात ऱ्होन नदीकाठी व्हिएन या गावी द्राक्षमळे फुलत होते. तिथल्या वाइनला डांबरासारखी एक चव असते, अशी नोंद प्लिनीनंच केली आहे. त्या व्हिएनच्या दक्षिणेला, नदीकाठच्या उभ्या उतारावर, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात आज शातो-ग्रिये नावाचा मळा आहे. क्षेत्र साधारण साडेतीन हेक्टर, म्हणजे आपल्याकडचे जेमतेम पावणेनऊ एकर. एवढी जमीन धाराशिवच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याकडेही असते. तिथं व्हिओनिए या एकाच जातीच्या द्राक्षापासून ड्राय, पांढरी वाइन होते. वर्षाला काही हजार बाटल्या, त्यामुळे ती दुर्मीळ. पण या पावणेनऊ एकरांच्या नावाला १९३६ पासून कायद्याचं संरक्षण आहे. बाहेरच्या द्राक्षाच्या वाइनवर ते नाव कुणालाही लावता येत नाही.

आणि तगरचं कापड? प्लिनीची तक्रार आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्या पैशात मराठवाड्यातल्या मागांचाही वाटा असणार. उंची वाइन राजवाड्यात गेली. कापड मात्र हजारो हातांनी कातलं, विणलं आणि गाड्यांत भरलं. तरी 'मोलोखिना' म्हणजे नेमकं कोणतं कापड, यावर आज अभ्यासकांचं एकमत नाही. ते विणणाऱ्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. सूत कुजतं, खापर टिकतं, हे एक कारण. दुसरं असं की वाइन तिच्या गावाच्या नावावर विकली गेली, आणि आपलं कापड भडोचला पोचलं की भडोचचा माल होऊन जहाजात चढलं.

तेरच्या पांढरीतून पावसाळ्यात वर येणारे मणी, मूर्ती, खापरं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचली. त्यातून हजारो वस्तूंचा संग्रह उभा राहिला, आणि आज तेरमध्ये त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल तेव्हा तिथं अर्धा तास जरूर काढा. तो संग्रह पाहताना एवढं लक्षात असू द्या की तगरचा सर्वांत मोठा माल त्या कपाटांत नाही, कारण तो कापूस होता. त्याची साक्ष एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीतल्या दोन-तीन ओळींत उरली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)