लाजवर्द की राजावर्त?

अजिंठ्याच्या भिंतींवरचे बहुतेक रंग घरचे. गेरूला संस्कृतात गैरिक म्हणतात, म्हणजे गिरीतून आलेला. शब्दानेच पत्ता सांगून ठेवला आहे. हिरवी मातीही दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत मिळते. पांढऱ्याला चुना, काळ्याला काजळी. प्रश्न उरतो निळ्याचा.

निळा म्हटले की आपल्याला नीळ आठवते, झाडापासून काढलेली. पण वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या ५व्या शतकातल्या चित्रांमधला निळा तपासला, तेव्हा तो दगडाचा निघाला. हा दगड लाजवर्द. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतल्या सातवाहनकालीन चित्रांत हा रंग दिसत नाही. त्या चिताऱ्यांचे काम माती, चुना आणि काजळी यांवर भागले.

लाजवर्दाची ओळख पटवणे आता फार सोपे झाले आहे. कणावर लेसरचा झोत टाकायचा आणि विखुरलेला प्रकाश मोजायचा. या रामन वर्णपटात ५४८ प्रति सेंटीमीटरच्या आसपास एक ठळक शिखर उभे राहते. ते गंधकाच्या ३ अणूंच्या आयनाचे. तांबे नाही, कोबाल्ट नाही. स्फटिकाच्या जाळीत कोंडलेल्या गंधकाने हा निळेपणा दिला आहे. हे वाचले की मला दर वेळी आनंद होतो.

हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, कोक्चा नदीच्या खोऱ्यातल्या सर-इ-संग खाणींचा. फारसीत तो लाजवर्द. तिथल्याच एका जागेवरून हे नाव पडल्याचे सांगतात. संस्कृत ग्रंथांत याच दगडाला राजावर्त म्हटले आहे. राजा आणि आवर्त अशी फोड करून कोशकार अर्थ लावतात, पण मला ती ओढाताण वाटते. ‘ल’च्या जागी ‘र’ येणे आपल्याकडे नेहमीचेच. परका शब्द कानावर पडला आणि त्याला संस्कृतचा पेहराव चढला, इतकेच घडले असावे. पश्चिमेकडे उलटे झाले: अरबी लाजवर्दचा आरंभीचा ‘ल’ लोकांना उपपद वाटला, त्यांनी तो गाळला आणि स्पॅनिशमध्ये ‘आसुल’ उरले. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी त्याच रंगाला अल्ट्रामरीन म्हटले, म्हणजे समुद्रापलीकडचा.

हिरमिजीचीही गोष्ट अशीच. ही तांबडी माती इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाचे नाव घेऊन आली आणि मराठीत इतकी मुरली की तिचे परकेपण कुणाला जाणवत नाही. लाजवर्दी मात्र जुन्या कोशांत पडून राहिला. अजिंठ्यावर मराठीत लिहिणाऱ्यांनी या रंगाला नुसता निळा म्हणू नये, लाजवर्दी म्हणावे. शब्द आपल्याकडे आहे आणि भिंतीवर रंगही आहे.