संगणकाच्या कॅबिनेटमधील वायुवीजन : पंख्यांच्या संख्येपेक्षा हवेच्या वाटेचे महत्त्व

घरोघरी ‘सीपीयू’ या नावाने ओळखली जाणारी संगणकाची पेटी म्हणजे वस्तुतः ‘कॅबिनेट’ होय. सीपीयू हा तिच्या आत, मदरबोर्डवर बसवलेला आणि तळहातावर सहज मावणारा प्रोसेसर असतो. या नामगोंधळात एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड राहते. कॅबिनेट सुट्या भागांना झाकते, तसेच आतली उष्णता बाहेर वाहून नेण्याचे कामही करते. हे काम नीट झाले नाही, तर महागडा प्रोसेसरही मंदावतो आणि प्रसंगी ऐन कामात संगणक बंद पडतो. दमट हवा, खारा वारा आणि तांबडी धूळ एकत्र नांदणाऱ्या गोव्यासारख्या प्रदेशात तर या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

उष्णता कोठून येते?

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. साध्या कार्यालयीन कामासाठीचा संगणक शंभर वॉटच्या आतच वीज घेतो. याउलट इंटेलच्या आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॉट आहे, तर एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची ४५० वॉट. चित्रफीत संपादन करणाऱ्या किंवा गेम खेळणाऱ्याच्या टेबलाखाली पूर्ण भाराच्या वेळी एक लहान शेगडीच पेटलेली असते.

प्रोसेसर स्वतःचा बचाव करतो. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. तापमान या मर्यादेला भिडू लागले की प्रोसेसर आपला वेग आपोआप घटवतो. यालाच ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. तरीही उष्णता वाढत राहिली, तर संगणक बंद होतो. वापरणाऱ्याला मात्र यंत्र जुने झाले किंवा व्हायरस शिरला असे वाटते. मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना असा बचाव नसतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियांत्रिकीतील प्रचलित ठोकताळा आहे.

हवा किती लागते?

किती पंखे लावावेत, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. ३०० वॉट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांपेक्षा अधिक तापू नये अशी अपेक्षा असेल, तर दर सेकंदाला सुमारे २६ लिटर, म्हणजे तासाला ९३ घनमीटर हवा कॅबिनेटमधून वाहावी लागते. पंख्यांच्या खोक्यावर लिहिलेल्या ‘सीएफएम’ या एककात हा आकडा सुमारे ५५ होतो. १२० मिलिमीटरचा एक साधारण पंखा मोकळ्या जागेत जवळपास तेवढी हवा फेकतो. जाळी, फिल्टर आणि आतील भागांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षातला प्रवाह बराच घटतो. म्हणूनच पुढे दोन आणि मागे एक पंखा ही रचना बहुतेक घरगुती संगणकांना पुरते. सहावा किंवा सातवा पंखा तापमान फारसे उतरवत नाही, आवाज मात्र वाढवतो.

या गणिताची एक मर्यादा ध्यानी ठेवावी. पंखा हवा थंड करत नाही, केवळ बदलतो. खोलीचे तापमान ३३ अंश असेल आणि हवा १० अंशांनी तापत असेल, तर आतील भागांच्या वाट्याला ४३ अंशांची हवा येते. मे महिन्यात संगणक अधिक तापतो तो यामुळेच. अशा वेळी नवा पंखा घेण्यापेक्षा खोलीत खेळती हवा ठेवणे अधिक गुणकारी ठरते.

वाट मोकळी हवी

गार हवा पुढून खालच्या बाजूने आत यावी आणि तापलेली हवा मागून वरच्या बाजूने बाहेर जावी, हा सर्वमान्य संकेत आहे. गरम हवा स्वभावतः वर चढते खरी, पण पंख्याच्या जोरापुढे ही ओढ क्षीण असते. त्यामुळे पंख्यांची दिशा एकमेकांना पूरक असणे अधिक महत्त्वाचे.

हा विचार रुजायला काही वर्षे जावी लागली. १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेत, एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा ओढून ती प्रोसेसरवर सोडावी अशी मूळ कल्पना होती. एसएमपीएसमधून येणारी हवा आधीच तापलेली असल्याने ही कल्पना मागे पडली आणि तोच पंखा हवा बाहेर टाकू लागला. पुढे हवेची वाट सरळ करण्यासाठी इंटेलने बीटीएक्स ही नवी रचना आणली, पण ती रुजली नाही आणि २००६ मध्ये कंपनीने तिचा पाठपुरावा सोडला. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि खालूनच स्वतंत्र हवा घेतो. असे कॅबिनेट गालिच्यावर किंवा अंथरलेल्या कापडावर ठेवल्यास ही वाट बंद होते.

पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे. ज्या बाजूला मोटारीला आधार देणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची असल्यास उदबत्तीचा धूर पुढील जाळीपासून वीतभर अंतरावर धरावा. धूर आत ओढला गेला, तर दिशा बरोबर आहे. राख मात्र आत जाऊ देऊ नये.

वाट अडवणाऱ्या गोष्टी बहुधा घरातल्याच असतात. कॉम्प्युटर टेबलाचा बंद कप्पा हा त्यांतला सर्वांत मोठा दोष. कप्प्याची पाठ बंद असेल, तर बाहेर पडलेली गरम हवा फिरून आत शिरते. कॅबिनेटच्या मागे किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. चालू संगणकावर धुळीसाठीचे प्लास्टिकचे आवरण राहू देऊ नये. दर्शनी भागाला अखंड काच असलेले कॅबिनेट देखणे दिसते, पण नवे घेताना जाळीदार दर्शनी भागाला प्राधान्य द्यावे. आतील जादा तारा मदरबोर्डच्या मागील बाजूला वळवून बांधाव्यात.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असावी. मग फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ फिल्टरवरच अडते. उलट स्थितीत प्रत्येक फट धूळ ओढू लागते. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर मागे राहिलेली उघडी खाच पट्टीने बंद करावी. तेथून धूळ तर येतेच, शिवाय मुंग्या, झुरळे आणि पालींनाही प्रवेश मिळतो. कॅबिनेटची बाजू कायमची काढून ठेवण्याच्या सवयीतही हाच धोका असतो.

आवाजाचे गणित

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. त्याच वेगाचा दुसरा पंखा जोडल्यास आवाजात भर पडते ती केवळ ३ डेसिबलची. म्हणून जोरात फिरणाऱ्या एका लहान पंख्यापेक्षा संथ फिरणारे दोन मोठे पंखे बरे. चार पिनांचा पंखा घेतल्यास मदरबोर्ड तापमानानुसार त्याचा वेग आपोआप राखतो.

गोव्यातील हवामान आणि निगा

पावसाळ्यातील दमटपणामुळे धूळ हीट सिंकच्या पातळ पात्यांमध्ये चिकटून तिचा थर बनतो. किनाऱ्यालगतच्या घरांत त्यात मिठाचे कण मिसळतात आणि धातू गंजू लागतो. रोज काही वेळ चालणारा संगणक आतून कोरडा राहतो. महिनोन्महिने बंद पडलेल्या संगणकाला धोका अधिक. एसीने गार झालेल्या खोलीच्या खिडक्या पावसाळ्यात एकदम उघडल्यास गार धातूवर दव धरू शकते. बंद ठेवलेला संगणक अशा वेळी लगेच सुरू करू नये.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा चतुर्थीच्या साफसफाईत, कॅबिनेट उघडून स्वच्छ करावे. प्रथम संगणक बंद करून वीजजोडणी काढावी. मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरेसा असतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, अन्यथा ती वेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण तिच्यासोबत पाणी आणि तेलाचा अंश येतो. एसएमपीएस कधीही उघडू नये. वीज तोडल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

दोष नेमका कुठे?

खर्च करण्यापूर्वी एक परीक्षा करावी. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रणालीवर तापमान पाहत संगणकाला अर्धा तास जड काम द्यावे. नंतर कॅबिनेटची बाजू काढून तेच काम पुन्हा द्यावे. तापमान बरेच खाली आले, तर कॅबिनेटमधील हवेची वाट सदोष आहे. जाळी, कप्पा, तारा आणि पंख्यांची दिशा तपासावी. तापमान जवळपास तेवढेच राहिले, तर दोष प्रोसेसरजवळ आहे. हीट सिंकमध्ये धूळ साचली असेल, त्याचा पंखा मंदावला असेल किंवा थर्मल पेस्ट सुकली असेल. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावणे हे अल्प खर्चाचे काम आहे.

जागा बदलणे, धूळ काढणे आणि तारा आवरणे यांना पैसे लागत नाहीत. पेस्ट आणि एखादा पंखा काही शंभर रुपयांत येतो. नव्या कॅबिनेटचा क्रम त्यानंतरचा, आणि नव्या संगणकाचा सर्वांत शेवटचा. मंदावलेला संगणक भंगारात काढण्यापूर्वी ही पायरीवार तपासणी करणे केव्हाही हिताचे.