पोटनिवडणुकीतल्या अनुसयाबाई

तुमसरहून सिहोरामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला बावनथडी नदीवर पोचतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. दोन्ही काठांना धानाच्या बांध्या. या पुलावर उभे राहिले की मला नेहमी एक गोष्ट आठवते. १९५५ साली ही नदी कोणत्याही राज्याची सीमा नव्हती. दोन्ही काठ तेव्हाच्या मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. त्याच वर्षी भंडारा मतदारसंघाने एका बाईंना लोकसभेत पाठवले. त्यांचे नाव अनुसयाबाई भाऊराव बोरकर. आजही हे नाव कोणापुढे काढले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे बाबासाहेबांना हरवणाऱ्या बोरकरांच्या त्या कोण?"

उत्तर एका शब्दाचे आहे : पत्नी. मीही बरीच वर्षे त्या शब्दावर समाधान मानले. पण ती जागा रिकामी कशी होत गेली आणि अनुसयाबाई ज्या सभागृहात जाऊन बसल्या तिथे त्या काळात काय घडले, हे ओळीने मांडू लागलो तेव्हा तो शब्द अपुरा वाटायला लागला.

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, त्यामुळे राखीव जागेवरचा सदस्यही सगळ्या जातींच्या मतांवर निवडून येई. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे विजयी झाले. प्रकरण कोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निवडणूकच रद्द ठरवली. त्याची दोन कारणे होती. जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. त्यामुळे ते अपात्र ठरले. दुसरे कारण अधिक बोलके आहे. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज, त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून, फेटाळला गेला होता. पंथ बदलला तरी ते महारच राहिले, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. माणसाने पंथ बदलला तर त्याची जात सुटते का, हा प्रश्न या मतदारसंघाच्या कागदपत्रांत दीक्षाभूमीच्या आधी अडीच वर्षे येऊन गेला होता.

रद्द झालेल्या जागांसाठी १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला होता. भंडाऱ्यात सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांच्या वर मतांनी जिंकले. भंडाऱ्याचे नाव बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्रात येते ते या पराभवामुळे. पुढच्याच वर्षी भाऊराव वारले. पुन्हा पोटनिवडणूक लागली आणि काँग्रेसच्या उमेदवार म्हणून अनुसयाबाई निवडून आल्या.

पतीच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा पत्नीला देण्याची रीत काही आपलीच नाही. इंग्लंडमध्ये १९२१ साली मार्गारेट विंट्रिंगहॅम अशाच पोटनिवडणुकीतून पार्लमेंटात गेल्या. दुखवट्यामुळे त्यांनी प्रचारात जाहीर भाषण केले नाही, तरी त्या जिंकल्या. पक्षाला अशा वेळी सहानुभूती हवी असते आणि ओळखीचे आडनाव हवे असते. बाईला हवे असलेले काही तिला मिळते का, हे त्यानंतर ठरते.

त्या लोकसभेत विदर्भातून गेलेल्या आणखी एक अनसूयाबाई होत्या, नागपूरच्या अनसूयाबाई काळे. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या त्या उपसभापती झाल्या होत्या आणि १९४२ नंतर चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी झटल्या होत्या. त्यांच्या नावामागे पंचवीस वर्षांचे सार्वजनिक काम होते. नावातल्या सारखेपणामुळे दोघींची गल्लत सहज होते, आणि झाली की लोपते ती भंडाऱ्याची अनुसया. साऱ्या सभागृहात स्त्रिया होत्या पाच टक्क्यांच्या आसपास. त्यांतही राखीव जागेवरून आलेली स्त्री म्हणजे अपवादातला अपवाद.

आता त्या दोनेक वर्षांत सभागृहात काय घडले ते पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडले होते, आणि त्यामागचे एक मोठे कारण होते रखडलेले हिंदू कोड बिल. नंतर त्या विधेयकाचे तुकडे करून एकेक कायदा मंजूर करण्यात आला. त्यांतला वारसाहक्काचा कायदा जून १९५६ चा. त्याने विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलामुलींच्या बरोबरीने वाटा दिला. तिच्या हाती येणारी मालमत्ता तोवर हयातीपुरती, मर्यादित हक्काची असे. ती आता पूर्ण मालकीची झाली. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. लोकसभेत, भंडाऱ्याने त्यांना नाकारलेल्या जागेवर, एक विधवा सदस्य होती. हा योगायोग मला कुठल्याही चरित्रातल्या मतांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा कायदा राज्य पुनर्रचनेचा. फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती आणि त्यात भंडारा जिल्हाही होता. संसदेने ते मानले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. अनुसयाबाई निवडून आल्या तेव्हा नदी होती, मुदत संपली तेव्हा सीमा होती. त्याआधी अठराच दिवस, १४ ऑक्टोबरला, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. ठवरेंच्या खटल्यातला प्रश्न आता लाखोंचा झाला. राखीव जागांचा कायदा बौद्धांना अनुसूचित जातींत धरत नव्हता. ते व्हायला १९९० उजाडले.

१९५७ मध्ये भंडाऱ्याच्या दोन्ही जागांवर पुरुष निवडून आले, सर्वसाधारण जागेवर रामचंद्र हजरनवीस आणि राखीव जागेवर बाळकृष्ण वासनिक. अनुसयाबाईंची संसदेतली कारकीर्द तेवढ्यावर संपली. इथे शेजारचे एक उदाहरण लक्षात घेतले पाहिजे. त्याच १९५५ मध्ये, त्याच जुन्या मध्य प्रदेशातून, छत्तीसगडच्या मिनीमाता अशाच पोटनिवडणुकीत लोकसभेवर आल्या. त्यांचे पती गुरू अगमदास यांची जागा त्यांना मिळाली होती. मतदारसंघ तसाच, राखीव जागा असलेला. पक्षही तोच, काँग्रेस. पण मिनीमाता १९५७ ला पुन्हा निवडून आल्या, त्यानंतरही तीनदा आल्या, आणि आज छत्तीसगडात मोठ्या धरणाला त्यांचे नाव आहे. मिनीमातांच्या पाठीशी सतनामी समाजाची गुरुगादी होती, हे खरे. तरीही मला वाटते, दोघींतला मोठा फरक दुसऱ्या संधीचा आहे. पहिली संधी दोघींना मृत्यूने दिली. दुसरी जिवंत माणसांनी द्यायची असते.

भंडाऱ्याने ती त्यानंतर कोणत्याच बाईला दिलेली नाही. १९५७ पासून २०२४ पर्यंतच्या सगळ्या सार्वत्रिक निवडणुका आणि पोटनिवडणुका धरल्या तरी या मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या अनुसयाबाई या एकमेव स्त्री. मतदारसंघाचे नाव भंडारा-गोंदिया झाले, राखीव जागा गेली, दोन मतांची पद्धत १९६१ मध्ये बंद झाली. बदलली नाही ती ही एक गोष्ट.

मधल्या काळात बपेऱ्याच्या बाजूला रोवणीच्या दिवसांत गेलो होतो. चिखलात ओळीने वाकलेल्या सगळ्या बाया होत्या; पाठीवर पावसाचे मेणकापड, हातात धानाची रोपे. त्यांच्या मतांवर इथली प्रत्येक निवडणूक ठरते. बांधावर छत्री धरून उभा होता तो एक पुरुष. "अनुसयाबाई बोरकर माहीत आहेत का?" असे मी त्याला विचारले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "कोणत्या गावच्या सरपंच?"

मी त्याला दुरुस्त केले. वाकलेल्या ओळीतल्या एका बाईने मान वर करून विचारले, "खासदार? आपल्या भंडाऱ्याची?" आणि ती पुन्हा रोवणीला लागली.